बहिणींचे बँकॉक

बहिणींची परदेशातली शनिवार-रविवारची सहल हा मराठी मध्यमवर्गात गेल्या काही वर्षांत रुजलेला प्रकार आहे. नवरे, मुले, सासू-सासरे आणि भाऊ यांना घरी ठेवून सख्ख्या बहिणी शुक्रवारी रात्री निघतात आणि सोमवारी रात्री उशिरा परत येतात. एखादी मावसबहीण चालते. नणंद चालत नाही. भावाचा सहभाग विमानतळावर सोडण्यापुरता, आणि पार्किंगचे पैसे त्यानेच भरायचे असतात. ठिकाण दुबई, कोलंबो किंवा सिंगापूर असू शकते, पण मुंबई-पुण्याच्या बहिणी फिरून फिरून बँकॉकवर येतात. मुंबईहून विमान साधारण सव्वाचार तासांत तिथे पोचते. शुक्रवारी संध्याकाळी दादरहून पुण्याला निघालेल्या माणसाला एवढा वेळ लागला तर कोणी नवल करत नाही. घड्याळ फक्त दीड तास पुढे असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिला, तेव्हापासून बँकेची स्टेटमेंट आणि कान दिसणारे फोटो गोळा करण्याचे कामही उरले नाही. शिवाय बँकॉकला पुरुष निघाला की घरात चार प्रश्न उठतात. आपल्या वाऱ्या घरच्यांपासून लपवण्यासाठी पासपोर्टची पाने फाडणाऱ्या गृहस्थांच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. बहिणी निघाल्या तर कोणी काही विचारत नाही. फार तर ‘तिकडे स्वस्त मिळतं म्हणे’ एवढे बोलून यादी हातात दिली जाते.

या सहलीचे मूळ माहेरात आहे. पंचांगात भावासाठी भाऊबीज आणि राखीपौर्णिमा आहे, नवऱ्यासाठी वटपौर्णिमा आहे, मुलांसाठी पिठोरी अमावास्या आहे. बहिणीने बहिणीला भेटावे म्हणून एकही तिथी राखून ठेवलेली नाही. पूर्वी ही उणीव उन्हाळ्याच्या सुटीतले माहेरपण भरून काढी. आता माहेरची चाळ पुनर्विकासाला गेली, तिच्या जागी दोन बेडरूमचा फ्लॅट आला, आणि त्यातल्या एका बेडरूममध्ये वहिनीचे ऑफिस चालते. तिघींनी पाय पसरून, कोणाचा चहा न ठेवता, बसायचे कुठे? बँकॉकमध्ये हा प्रश्न दोन रात्रींपुरता सुटतो. शहर पाहणे हे त्यामानाने दुय्यम काम; पण एवढे पैसे भरल्यावर ते करावेच लागते.

सहलीला दोन बहिणी पुरतात, पण तीन असल्या म्हणजे संस्थेला पूर्ण रूप येते. तिघींचे हुद्दे जन्मक्रमाने ठरलेले असतात आणि पन्नाशी उलटली तरी त्यांत बदल होत नाही. निर्णय थोरलीचे. धाकटी एखाद्या कंपनीत दोनशे माणसांवर हुकूम चालवत असली तरी रस्ता ओलांडताना थोरली तिचा हात धरते, आणि सुखुमवित रस्त्यावरची वाहतूक पाहता ते चूक म्हणता येत नाही. मधलीकडे कोणाचे लक्ष नसते. तिकिटे, हॉटेल, विमा, सिमकार्ड हे सगळे तीच करते आणि परतल्यावर ‘ताई होती म्हणून सगळं नीट झालं’ हे ऐकून घेते.

तारीख ठरवणे हा सर्वांत लांबणारा टप्पा. त्यासाठी व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो आणि त्याचे नाव ठरण्यात पहिला आठवडा जातो. (बँकॉकचे पूर्ण औपचारिक नाव थाई लिपीत १६८ अक्षरांचे आहे, आणि इंद्राच्या सांगण्यावरून विश्वकर्म्याने हे नगर उभारल्याचा उल्लेखही त्या नावातच आहे. ग्रुपची काही नावे या लांबीच्या जवळपास जातात.) सव्वीस जानेवारीला जोडून सुटी आली की तिकिटे महागतात, आणि महागली की थोरली म्हणते, “थांबा गं, उतरतील.” ती उतरत नाहीत. मग मुलांच्या परीक्षा, गणपती, पितृपक्ष आणि सोसायटीची सर्वसाधारण सभा वगळता वगळता सप्टेंबरमधला एक शनिवार हाती लागतो. बँकॉकमध्ये सप्टेंबर हा वर्षातला सर्वांत पावसाचा महिना असतो, हे तिकिटे काढून झाल्यावर कळते.

कागदपत्रांत आता फारसे काही उरलेले नाही. १ मे २०२५ पासून थायलंडने आगमनाचा डिजिटल अर्ज सुरू केला आहे. तो पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो. धाकटी तो फोनवर पाच मिनिटांत भरते. थोरली त्याच्या प्रती छापून घेते, प्रतींच्या झेरॉक्स काढते आणि त्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून विमानभर मांडीवर घेऊन बसते. बँकॉकच्या खिडकीवरचा अधिकारी त्या मागत नाही. याचे तिला परतेपर्यंत वाईट वाटत राहते.

सामानाचे तसे नाही. स्वस्त विमानांत हातातल्या बॅगेला सात किलोंची मर्यादा असते, आणि धपाटे, भाजणीच्या चकल्या, दाण्याची चटणी, मेतकूट, चहापावडर आणि विजेची किटली एवढे भरले की कपड्यांना त्यातले दीड किलो येतात. लोणच्यावरून तर कायद्याचा प्रश्न उभा राहतो. शंभर मिलिलिटरहून जास्त पातळ पदार्थ हातातल्या सामानात चालत नाही. लोणचे पातळ की घट्ट? थोरलीच्या मते खार पातळ, पण फोडी घट्ट, आणि बरणीत फोडीच जास्त आहेत. सुरक्षा तपासनीस हा भेद मानत नाही. सुक्या खोबऱ्याचे प्रकरण याहून गंभीर. त्यात तेल भरपूर असते आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानवाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते. अर्ध्या वाटीच्या तुकड्यासाठी बॅग उघडावी लागते आणि तिघींचे गाऊन मागच्या रांगेला पाहायला मिळतात.

हॉटेलची खोली तिघींसाठी म्हणून घेतलेली असते. प्रत्यक्षात तीत दोन पलंग आणि एक चाकांवरचा जादा पलंग असतो. त्या जादा पलंगावर मधली झोपते. यावर चर्चा होत नाही. चर्चा एसीवर होते. धाकटीला अठरा अंश हवे असतात, थोरलीला सत्तावीस, आणि रिमोट उशीखाली घेऊन झोपण्याची पद्धत लहानपणी टेबलफॅनच्या बाबतीत होती तीच पुढे चालू राहते. न्हाणीघरात मात्र सुवार्ता असते. थायलंडमध्ये संडासात पाण्याचा फवारा सर्रास बसवलेला असतो. युरोपच्या सहलीत पाण्याची रिकामी बाटली पर्समधून घेऊन हिंडलेल्या थोरलीच्या मनात थाई संस्कृतीविषयी या क्षणी जो आदर उत्पन्न होतो, तो पुढे देवळे पाहूनही वाढत नाही.

जेवण वारावर अडते. थोरली शनिवार पाळते, मधली सोमवार. माशांसाठी उरतो तो रविवार, आणि त्या रविवारी संकष्टी निघते. धाकटी काहीच पाळत नाही, पण एकटीने खायला तिला आवडत नाही. त्यातून थाई स्वयंपाकात नाम प्ला नावाचा माशाचा खार मिठासारखा वापरतात; तो भाजीतही पडतो, आणि त्यामुळे भाजी सामिष झाली असे वाढणाऱ्याच्या मनातही येत नाही. सोम तम ही कच्च्या पपईची कोशिंबीर खलात कुटून करतात. तीत दाणे असतात, लिंबू असते, आणि बहुधा सोडेही असतात. शनिवारी थोरली ती ‘अगदी आपल्यासारखी’ म्हणून दुसऱ्यांदा मागते. मधलीला पहिल्या घासालाच सोड्यांचा वास कळलेला असतो, पण ती गप्प बसते. कुटुंबे टिकतात ती अशा गप्प बसण्यावर.

शुद्ध शाकाहाराची सोय नाही असे नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत ‘जे’ असे लिहिलेले असले की तिथे मांस, मासे, अंडी यांपैकी काही नसते, कांदा-लसूणही नसतो. चिनी वंशाच्या थाई लोकांचा नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव बहुधा आपल्या नवरात्राच्या सुमारास येतो आणि तेव्हा गल्लोगल्ली हे झेंडे लागतात. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या बाईला बँकॉकमध्ये पुण्यापेक्षा कमी स्पष्टीकरण द्यावे लागते. गोडाला आंबा आणि चिकट भात, वरून नारळाचे दूध. यावर पहिला अभिप्राय असा, की हा नारळीभातच आहे, फक्त गूळ घालायला विसरलेत. आंब्याबद्दलचा अभिप्राय ठरलेला असतो: “बरा आहे. हापूस नाही.” कोकणाशी काडीचा संबंध नसलेली सोलापूरची बहीणही हाच निकाल देते आणि त्यावर अपील चालत नाही.

प्रेक्षणीय स्थळांचा दिवस शनिवार. १७८२ मध्ये पहिला राम या राजाने राजधानी नदीपलीकडून इकडे आणली आणि राजवाड्याचे बांधकाम सुरू केले. आज तिथे आत जाताना गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात. धाकटीचा कुडता बिनबाह्यांचा असतो. थोरलीकडे जादा ओढणी असते, आणि ती देताना ‘मी निघताना म्हटलं होतं’ हे वाक्य तिकिटाच्या रांगेत शेवटापर्यंत पुरते. राजवाड्याबाहेर एक सभ्य गृहस्थ भेटून ‘आज राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे’ असे सांगतो आणि अगदी स्वस्तात टुकटुकमधून दुसरे देऊळ दाखवायचे कबूल करतो. ही जुनी, जगप्रसिद्ध लबाडी आहे; टुकटुक शेवटी रत्नांच्या दुकानापाशी थांबते. मुंबईच्या बहिणी त्याला ओलांडून फाटकाकडे जातात. दुपारी एक ते चार दुकान बंद असणे हा निसर्गनियम मानणाऱ्या पुण्याच्या बहिणी मात्र चटकन विश्वास ठेवतात.

राजवाड्याच्या आवारात पाचूच्या बुद्धाचे मंदिर आहे आणि त्याच्या सभोवतालच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकियेन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलेले आहे. थोरली इथे गाइडचा ताबा घेते. सेतू, लंका, कुंभकर्ण हे सगळे तिला न विचारता ओळखू येते. अडचण हनुमानापाशी येते. रामकियेनमधला हनुमान ब्रह्मचारी नाही; तो चांगलाच रसिक आहे. सेतूचे दगड चोरणाऱ्या सुवर्णमच्छा नावाच्या मत्स्यकन्येशी, म्हणजे साक्षात रावणाच्या मुलीशी, त्याचे जुळते आणि त्यांना मुलगाही होतो. ज्या मारुतीसाठी आयुष्यभर शनिवार पाळले त्याच्याविषयी हे शनिवारीच ऐकावे लागणे कठीण असते. मकरध्वज घामाच्या थेंबापासून झाला, त्यात बाकी काही नव्हते, असे ती गाइडला मराठीत समजावून सांगते. गाइड मान डोलावतो.

वाट फो हे देऊळ पलीकडेच आहे. तिथला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच असून त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हे आहेत. तोपर्यंत आपापल्या तळपायांचे हाल झालेले असल्यामुळे तिघींना हे शिल्प विशेष पटते. थाई मालिशची शाळा याच देवळाच्या आवारात आहे. २०१९ मध्ये युनेस्कोने या विद्येला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. मालिश तासभर चालते आणि त्या तासात तिघींपैकी कोणी बोलत नाही. संपूर्ण सहलीत असा तास हा एकच. वाट अरुणला होडीने पलीकडे जाऊन थाई पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढतात. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही, फोटो सर्वांना आलेलेच असतात.

एरावन हॉटेलाच्या कोपऱ्यावर चतुर्मुख ब्रह्मदेव आहे. हॉटेल बांधताना अपघात होत राहिले, तेव्हा ज्योतिषाच्या सल्ल्याने १९५६ मध्ये त्याची स्थापना केली. भारतात ज्याला पुष्करसारखे एखाददुसरे देऊळ मिळाले त्याच्यापुढे इथे चौकात दिवसभर हार, उदबत्त्या आणि नाचणाऱ्यांचा ताफा असतो. चारही मुखांना वेगवेगळे मागणे घालण्याची मुभा आहे. थोरली चारही वेळा धाकटीच्या मुलाच्या लग्नाचे मागते.

खरेदीविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण असे, की बहिणींच्या सहलीचा तात्त्विक गाभा तिच्यात आहे. पहिला प्रश्न चलनाचा. बाटचा रुपयातला भाव रोज थोडा बदलतो. धाकटी प्रत्येक किमतीला दोनाने गुणते, थोरली तीनाने. त्यामुळे तीनशे बाटचा टॉप धाकटीला सहाशे रुपयांत आणि थोरलीला नऊशे रुपयांत पडतो, आणि दोघी आपापल्या आकड्यावरून भांडत असताना मधली फोनमध्ये खरा दर पाहून पैसे देऊन मोकळी होते.

प्रतुनाममधल्या प्लॅटिनम मॉलमध्ये कपड्यांच्या शेकडो दुकानांची मांडणी मजल्यामागून मजले चाललेली असते. इथे एक नगाचा भाव वेगळा आणि तीन नगांपासूनचा भाव वेगळा. जगातल्या कोणत्याही बाजाराने तीन बहिणींचा इतका विचार केलेला नाही. एक नग घेणे म्हणजे नुकसान, दोन म्हणजे मूर्खपणा; तीनच घ्यायचे. साहजिकच तिघी एकाच कापडाचे, एकाच वेलबुट्टीचे, तीन रंगांतले कपडे घेऊन बाहेर पडतात. पन्नास वर्षांपूर्वी आई दिवाळीला एकच तागा आणून तिघींना सारखे फ्रॉक शिवत असे, आणि सारखे फ्रॉक घालावे लागतात म्हणून तिघी रडत असत. आता त्याच गोष्टीसाठी चार तास विमानप्रवास करून त्या स्वतःचे पैसे मोजतात. रंगाची वाटणीही जुनीच होते: थोरली आधी निवडते, धाकटी हट्टाने निवडते, उरलेला मधलीचा. त्याला ‘तुला हाच खुलतो’ असे म्हणतात.

रविवार चाटुचाकचा. हा बाजार पूर्वी राजवाड्याजवळच्या सनाम लुआंग मैदानावर भरे. १९८२ मध्ये तो सध्याच्या जागी आला. पंधरा हजारांच्या वर गाळे, सत्तावीस विभाग, आणि मधोमध एक घड्याळाचा मनोरा. मेट्रोने कामफेंग फेत स्थानकावर उतरले तर जिना थेट बाजारात निघतो. चुकामूक झाली तर मनोऱ्याखाली भेटायचे असे ठरते. चुकामूक पहिल्या वीस मिनिटांत होते आणि तीही ठरवून, कारण प्रत्येकीला बाकीच्या दोघींपासून लपवून त्यांच्याचसाठी काहीतरी घ्यायचे असते. घासाघीस थोरलीकडे असते. ती कॅल्क्युलेटरवर निम्मी किंमत टाइप करते, दुकानदारीण हसते, थोरली चालू लागते. तुळशीबागेत या टप्प्यावर मागून हाक येते. इथे ती येईलच असे नाही, आणि पन्नास पावले गेल्यावर परतण्याची लाज वाटते. मग धाकटीला पाठवले जाते. तोवर गाळा सापडेनासा झालेला असतो. चाटुचाकमध्ये आवडलेली वस्तू त्याच क्षणी घ्यावी, हा एकच नियम पाळण्यासारखा आहे आणि तो कोणीही पाळत नाही.

एवढ्यात घरून फोन येतो. गॅसवाला दारात उभा आहे आणि सिलिंडर देण्यासाठी लागणारा कोड मधलीच्या नोंदणीकृत मोबाइलवर आला आहे. तो मोबाइल थाई सिमकार्ड घातल्यामुळे मुका झालेला आहे. भर बाजारात नखाने सिमकार्ड काढण्याचा प्रयोग होतो. थोरलीच्या कानातले त्या कामी येते. सिलिंडर मिळतो. थाई सिमकार्ड मात्र जमिनीवर पडते ते पुन्हा मिळत नाही.

रात्री खोलीत किटलीवर चहा होतो आणि सहलीचे मुख्य काम सुरू होते. आईच्या पाटल्या नक्की कोणाकडे आहेत, बाबांनी गावची जागा का विकली, कोणाच्या लग्नात कोणाला मान मिळाला नाही. अठरा अंशांना तिघी एकाच दुलईत बसलेल्या असतात. एखादी रडते, मग दुसरी. तिसरी चकल्यांचा डबा पुढे करते. हे विषय मागच्या सहलीतही निघालेले असतात आणि त्यांत नवी माहिती फारशी नसते.

परतीचा सोमवार वजनकाट्याचा. हत्तीच्या नक्षीच्या विजारी, सुकवलेला आंबा, चिंचेच्या गोळ्या, नाकात हुंगायच्या थाई नळ्या आणि नवऱ्यांसाठी एकाच मापाचे टी-शर्ट यांनी बॅगा फुगतात. थायलंडमध्ये सात टक्के मूल्यवर्धित कर असतो आणि कर परत देण्याच्या योजनेतल्या एका दुकानात एका दिवशी किमान दोन हजार बाटची खरेदी केली तर परदेशी प्रवाशाला तो विमानतळावर परत मागता येतो. त्यासाठी तिघींची बिले एकाच पासपोर्टावर केलेली असतात. सामान मात्र तीन बॅगांत असते आणि अधिकाऱ्याने माल दाखवा म्हटले की तिन्ही बॅगा पुन्हा उघडतात. सुवर्णभूमी विमानतळावर तपासणीच्या पलीकडे समुद्रमंथनाचे भव्य शिल्प आहे. एका बाजूला देव, एका बाजूला दैत्य, मध्ये वासुकी. त्याच्यासमोरचा तिघींचा फोटो बंधनकारक.

विमानात मधली हिशोब मांडते. थोरलीने जेवणाचे पैसे ‘मी मोठी आहे’ म्हणून दिलेले असतात, ते ती घेत नाही. धाकटीने टॅक्सीचे दिलेले असतात, ते तिला आठवत नाहीत. तिन्ही आकडे जुळवायचा नाद सोडून मधली उरलेल्या नोटा पुढच्या वेळेसाठी एका पाकिटात घालते. नोटा मुंबईत बदलूनही मिळतात. नाणी कोणी बदलून देत नाही, आणि ती प्रत्येकीच्या पर्समध्ये मूठभर उरतातच. वाट फोमध्ये निजलेल्या बुद्धाच्या पाठीमागे नाणी टाकण्यासाठी १०८ काशाची भांडी रांगेने मांडलेली आहेत. जाणाऱ्या बहिणींनी ते देऊळ शनिवारी न करता शेवटच्या दिवसासाठी ठेवावे.